आधी युती केली की मतदार फसत नाही म्हणे!

बांधावरचा: काल इथेच कुणीतरी लिहिलं, 'निवडणुकीआधीची युती म्हणजे प्रामाणिकपणा, नंतरची म्हणजे गद्दारी.' डोकंच फिरलं. २०१९ च्या विधानसभेला भाजप-सेना आधीपासून एकत्रच होते ना? १०५ आणि ५६. बहुमत १४५ ला. मग निकालानंतर युती तुटली, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी पहाटे उठून पाहिलं. आधीच्या युतीत खरा असतो तो फक्त जागांचा आकडा, आणि तोही अर्ज भरायच्या तोंडावर कळतो.

नाना चौकवाले: तो 'कुणीतरी' मीच. युती खोटी नव्हती, शब्द फिरला. कुणाचा, ते तुमच्या पक्षानुसार ठरवा. २०१४ ला भाजप, सेना, काँग्रेस, राष्ट्रवादी असे चौघे वेगळे लढले, तेव्हा काय उजेड पडला? निकालादिवशीच राष्ट्रवादीचा भाजपला न मागता पाठिंबा, आणि सेना दीड महिन्यात विरोधी बाकावरून सत्तेत!

कृष्णाकाठ: प्रामाणिकपणा बघायला सांगलीला या. २०२४ लोकसभेला काँग्रेसच्या वसंतदादांच्या घरची जागा परस्पर ठाकरेंनी जाहीर केली. दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्हावर लाखभर मतांनी निवडून आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार, ठाकरेंचा पैलवान, तिसरा!

मशालवाला: परस्पर? कोल्हापूरची आमची जिंकलेली जागा तुमच्या काँग्रेसच्या शाहू महाराजांसाठी कुणी सोडली? बदल्यात सांगली मागितली तर पोटात दुखलं. प्रचाराला तुमची किती माणसं फिरली ते सांगा.

कृष्णाकाठ: जिंकलेली म्हणे! जिंकलेला खासदार शिंदेंकडे गेला होता, ते विसरलात?

मशालवाला: आणि तुमचा पैलवानाला पाडायचा डाव आम्ही विसरायचा?

नाना चौकवाले: अहो, धागा विधानसभेचा आहे.

बांधावरचा: मग विधानसभेचंच ऐका. माझ्या मामांनी १५ वर्षं एका पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. जागा कायम मित्रपक्षाला. २५ सप्टेंबर २०१४ ला युती तुटली, मामांनी पेढे वाटले. अर्जाला दोन दिवस उरलेले. २७ ला तहसीलबाहेर इस्त्रीच्या सदऱ्यात उभे, एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, वाट बघत. पावणेतीनला गाडी आली, फॉर्म आला. नाव भलत्याच पक्षातून आदल्या रात्री आलेल्याचं.

नाना चौकवाले: म्हणजे युती तुटूनही मामांना काही मिळालं नाही. मुद्दा माझाच झाला की!

बांधावरचा: घ्या, तेवढा तुमचा. पेढ्यांचे पैसेही द्या.

कृष्णाकाठ: मामांनी मत कुणाला दिलं मग?

बांधावरचा: मामी म्हणते, त्या दिवशी ते दिवसभर उसाला पाणी देत होते. पाऊस पडत असताना.