दोष असूनही आवडणारे गेम्स: कोणता दोष दुरुस्त व्हावा आणि कोणता राहू द्यावा?

गडदवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' हा गेम मी नुकताच पुन्हा शेवटपर्यंत खेळलो आणि त्यावरून एक प्रश्न मनात घोळतो आहे. ट्रॉइका गेम्स या कंपनीचा हा गेम १६ नोव्हेंबर २००४ रोजी, म्हणजे नेमका 'हाफ-लाइफ २'च्याच दिवशी बाजारात आला. दोन्ही गेम्स सोर्स या एकाच इंजिनावर (गेम ज्यावर उभा राहतो त्या मूळ सॉफ्टवेअरवर) बनलेले होते आणि करारानुसार इंजिनाच्या मालकांचा स्वतःचा गेम, म्हणजे 'हाफ-लाइफ २', येईपर्यंत ट्रॉइकाला आपला गेम विकता येणार नव्हता. वाट मोकळी झाली त्याच दिवशी तो दुकानांत पोहोचला खरा, पण त्यात इतके बग (प्रोग्रॅममधल्या चुका) राहून गेले होते की उत्तरार्धातील एका मोहिमेनंतर अनेकांचा गेम हमखास क्रॅश व्हायचा आणि अधिकृत पॅच (दुरुस्ती) येईपर्यंत पुढे जाण्याचा सरळ मार्गच नव्हता. पुढे २००५ च्या फेब्रुवारीत कंपनीला टाळे लागले.

तरीही त्यातले ओशन हाउस हॉटेल माझ्या मनातून जात नाही. त्या संपूर्ण लेव्हलमध्ये मारण्यासाठी एकही शत्रू नाही. चढत असतानाच जिना पायाखालून कोसळतो, दिवे फुटतात, स्वयंपाकघरातली भांडी अंगावर येतात, आणि हातात बंदूक असूनही ती कोणावर रोखायची हे कळत नाही. मालकेव्हियन या वेडसर व्हॅम्पायर कुळातले पात्र निवडले, तर त्याचे जवळजवळ सगळे संवाद वेगळे लिहिलेले आहेत आणि ते पात्र रस्त्यावरच्या 'थांबा' या पाटीशीसुद्धा भांडते. नॉस्फेरातू या विद्रूप कुळातला व्हॅम्पायर निवडला, तर त्याचे रूप माणसांच्या दृष्टीस पडता कामा नये म्हणून शहरभर गटारांतून फिरावे लागते. एवढे बारकाईने लिहिलेला हाच गेम शेवटच्या टप्प्यात मात्र, बोलून पटवण्यावर आणि कुलपे उघडण्यावर सारे पॉइंट्स खर्च केलेल्या खेळाडूला, एकामागून एक मारामाऱ्यांत ढकलतो.

क्रॅश होणे हा दोष दुरुस्त झाला याबद्दल कोणाचीच तक्रार नसेल. जर्मनीतील एका रसायनशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे चालवलेल्या चाहत्यांच्या पॅचमुळे हा गेम आज व्यवस्थित खेळता येतो, आणि त्या कामाबद्दल मला अतीव आदर आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. आपल्या आवडत्या गेममध्ये असा एखादा दोष आहे का, जो काढून टाकला तर गेममधले काही मोलाचेही त्याबरोबर जाईल? असल्यास तो ओळखावा कसा?

घाटमाथा

आपला प्रश्न वाचताच मला 'शॅडो ऑफ द कोलोसस' आठवला. २००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या या गेमविषयी दोन तक्रारी सर्रास होत असत. पहिली फ्रेम रेटची (सेकंदाला किती चित्रे दिसतात याची) होती, कारण कोलोसस नावाचे एवढे प्रचंड आणि केसाळ प्राणी त्या यंत्राला झेपत नव्हते आणि ऐन लढाईत चित्र अडखळायचे. दुसरी ॲग्रो या घोड्याची होती, कारण तो लगेच वळत नाही, लगेच थांबत नाही आणि हाक मारल्यावरही कधीकधी वेळ लावतो.

या दोन तक्रारी एकाच मापाने मोजू नयेत असे माझे ठाम मत आहे. घोड्याच्या वागण्याचा अर्थ मला तेराव्या कोलोससपाशी उमगला. वाळवंटात तो लांबलचक प्राणी आकाशात तरंगत असतो. त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडल्या की तो खाली उतरतो, आणि मग भरधाव घोड्यावरून त्याच्या पंखावर उडी मारायची असते. बाण रोखताना नजर वर असल्यामुळे समोरचा रस्ता दिसत नाही, आणि तेव्हा ॲग्रो स्वतःच धावत राहतो. जो घोडा एरवी आपले ऐकत नाही असे वाटत होते, त्याला स्वतःची समज असल्यामुळेच ही लढाई शक्य होते. तो गाडीसारखा तंतोतंत वळू लागला असता, तर त्या ओसाड प्रदेशात आपल्याला सोबत आहे ही भावनाच निर्माण झाली नसती, आणि शेवटाकडे जे घडते त्याचा घाव इतका खोल बसला नसता. (ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी मी अधिक सांगत नाही.)

२०११ च्या प्लेस्टेशन ३ आवृत्तीत आणि पुढे २०१८ च्या रिमेकमध्ये चित्र सुरळीत चालू लागले. त्याने काहीच गमावले गेले नाही.

सायंतारा

मी थोडी वेगळी बाजू मांडते. दोषांवर प्रेम करताना आपण एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे त्या दोषांची किंमत गेम बनवणाऱ्यांनाच मोजावी लागते. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा माझा अत्यंत लाडका गेम आहे. ऑब्सिडियन या कंपनीला तो सुमारे १८ महिन्यांत पूर्ण करायचा होता आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तो आला तेव्हा सुरुवातीच्याच दृश्यात डॉक मिचेल या पात्राचे डोके भोवऱ्यासारखे गरगर फिरत असल्याचे व्हिडिओ सगळीकडे पसरले. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले तर कंपनीला बोनस मिळणार होता. मिळाले ८४, आणि त्या बोनसवर पाणी सोडावे लागले. हे त्यांच्यापैकीच क्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

त्या गेममधले चार गटांतले राजकारण, प्रत्येक गावात वेगळी राहणारी आपली पत, एखादा पेच केवळ बोलून सोडवण्याची मुभा, हे सारे लिहिणाऱ्यांना घाईत उरलेले बग भोवले. म्हणून 'बग ही त्या गेमची मजा आहे' असे कोणी म्हणाले की मला मनापासून वाईट वाटते. पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम पहिल्या दिवसापासून नीट चालला पाहिजे, ही अपेक्षा आपण कधीच सोडू नये.

भुयारी

सायंतारा यांच्याशी मी बगांच्या बाबतीत पूर्ण सहमत आहे. पण मूळ प्रश्नातील 'ओळखावा कसा' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून 'डार्क सोल्स'विषयी थोडे विस्ताराने लिहितो. त्यात मला तीन निरनिराळ्या प्रकारचे दोष दिसतात.

२०१२ मध्ये आलेली त्याची पीसी आवृत्ती आतून १०२४ बाय ७२० एवढ्याच रिझोल्यूशनवर चित्र काढत असे, मग मॉनिटर कितीही चांगला असो. एका हौशी प्रोग्रॅमरने ती उणीव गेम आला त्याच दिवशी भरून काढली. याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही.

लॉस्ट इझालिथ या उत्तरार्धातल्या भागाचे दुखणे यापेक्षा गंभीर आहे. डोळे दिपवणाऱ्या लाव्हाच्या पसरट मैदानात एकाच साच्यातले अवाढव्य शत्रू ओळीने उभे केलेले आहेत आणि शेवटी बेड ऑफ केऑस हा बॉस (त्या भागाचा मुख्य शत्रू) आहे, ज्याच्यापुढे कौशल्यापेक्षा नशिबावर अधिक भिस्त ठेवावी लागते. पहिला अर्धा भाग ज्या निगुतीने रचला आहे, ती निगुती येथे सरळ संपलेली दिसते. हा भाग पुन्हा बांधता आला असता तर मला आनंदच झाला असता.

तिसरी तक्रार मात्र वेगळी आहे. गेमच्या निम्म्या वाटचालीपर्यंत एका बॉनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर थेट जाता येत नाही, सगळीकडे पायी जावे लागते. अनेकांना ही निव्वळ गैरसोय वाटते. पण अनडेड पॅरिशमधली ती लिफ्ट आठवा. कितीतरी वेळ अनोळखी बुरूज आणि गल्ल्या तुडवल्यानंतर, जीव मुठीत धरून खेळाडू लिफ्टमध्ये उभा राहतो, ती खाली खाली जाते, आणि ती थांबताच समोर फायरलिंक श्राइन दिसते, जिथून तो निघाला होता. त्या क्षणी सारे जग एका नकाशात जुळते आणि सुटकेचा निःश्वास बाहेर पडतो. बटण दाबून परत येता आले असते, तर त्या लिफ्टला काहीच अर्थ उरला नसता. ब्लाइटटाउन या भागाच्या तळातून वर येणे जीवघेणे वाटते, तेही परतीचा रस्ता स्वतःच तुडवावा लागतो म्हणूनच.

म्हणून मी स्वतःला एवढेच विचारतो की हा दोष काढला तर त्याच्या आधारावर उभी असलेली दुसरी कोणती गोष्ट कोसळेल. रिझोल्यूशन सुधारले म्हणून काहीही कोसळत नाही. लॉस्ट इझालिथ बदलला तरी काही कोसळत नाही. पायपीट काढली तर अख्खा पूर्वार्ध कोसळतो.

जुनीडिस्क

भुयारी यांच्या कसोटीत एक भर घालतो. अपुरे राहिलेले सगळेच पूर्ण करणेही हिताचे नसते. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' डिसेंबर २००४ मध्ये अर्धवट अवस्थेत आला आणि मॅलाकोर या ग्रहावरील त्याचा शेवट अक्षरशः तुटक होता. चाहत्यांनी फायलींमध्ये पडून असलेले संवाद आणि प्रसंग शोधून, एचके यंत्रमानवांच्या कारखान्यासह, गेममध्ये परत आणले आणि त्या मॉडशिवाय (चाहत्यांनी केलेल्या त्या बदलाशिवाय) आता तो गेम खेळण्यात अर्थ नाही असे मी म्हणेन. पण वगळलेला यंत्रमानवांचा ग्रहसुद्धा वेगळ्या मॉडमधून परत आला, आणि तो खेळताना कथेचा वेग इतका मंदावतो की क्रेया या गुरूची शिकवण ऐकण्याची आपली ओढच कमी होते. प्रथमच खेळणाऱ्याला मी तो टाळण्याचाच सल्ला देतो.

गडदवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भुयारी यांची कसोटी 'ब्लडलाइन्स'ला लावून पाहिली. शेवटच्या मारामाऱ्या कमी केल्या तर काहीही कोसळत नाही. उलट, ज्या खेळाडूने संवादांवर भर दिला त्याला न्यायच मिळेल. नॉस्फेरातूची गटारांतली पायपीट मात्र कितीही कंटाळवाणी वाटली तरी काढता येणार नाही, कारण समाजापासून तुटलेले असणे म्हणजे काय, हे त्या पायपिटीतूनच खेळाडूच्या लक्षात येते.

जुनीडिस्क यांच्या मुद्द्याला धरून एक सांगतो. चाहत्यांचा तो पॅच इन्स्टॉल करताना 'बेसिक' आणि 'प्लस' असे दोन पर्याय मिळतात. पहिल्यात मुख्यतः बग दुरुस्त होतात, तर दुसऱ्यात वगळलेला मजकूर परत येतो आणि काही गोष्टी बदलतातही. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी 'बेसिक'च घ्यावा असे आता मला वाटते. 'प्लस' दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवावा, आणि तेव्हा जमल्यास मालकेव्हियन निवडावा.