पंखा लहान म्हणजे डोंगर जिवंत? कालच्या पोस्टला उत्तर

पन्हाळा_टोपोशीट
सेट-नेटवाल्या पोरांसाठी काल इथं एक पोस्ट पडली: "वाळवंटात पंखाकृती मैदान (डोंगरातून ओढा बाहेर पडतो तिथं पंख्यासारखा पसरलेला गाळ) लहान न् तीव्र उताराचं असलं की डोंगर उचलला जातोय, मोठं न् पसरट असलं की भूभाग थंड. गूगल अर्थवर अर्ध्या तासात निकाल." खाली लाइकांचा पाऊस. म्हणून हे लांबलचक.

उदाहरण त्यात अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचं होतं, तेच घेऊ. पूर्वेला ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याशी, बॅडवॉटरच्या अंगाला, बारके तीव्र पंखे. पश्चिमेला पॅनामिंट रांगेतून उतरलेले अवाढव्य, एकमेकांत मिसळलेले. खोऱ्याचा तळ पूर्वेकडं कलतोय. प्रस्तरभंगालगतची (ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्या लगतची) बाजू खचत असल्यानं आलेला गाळ पसरायच्या आत तिथंच गाडला जातो. इथवर मान्य. पण ब्लॅक माउंटन्सची पाणलोट क्षेत्रंच मुळात छोटी आहेत, त्याचं काय? छोट्या पाणलोटाचा पंखा छोटा आणि तीव्रच असणार, प्रस्तरभंग असो वा नसो. म्हणून पंख्याचं क्षेत्रफळ पाणलोटाच्या क्षेत्रफळाशी लावून बघायचं. सूत्र असं: पंख्याचं क्षेत्रफळ = गुणक × (पाणलोटाचं क्षेत्रफळ)^घातांक. घातांक बहुतेक ठिकाणी ०.९ च्या आसपास येतो, खरी माहिती गुणकात असते. आणि तो गुणक खडकानंही हलतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो भागात भूशास्त्रज्ञ बुल यांनी १९६४ मध्येच दाखवलंय की पंकाश्म-शेलच्या (चिखलापासून बनलेल्या मऊ खडकांच्या) पाणलोटाचा पंखा तेवढ्याच वालुकाश्माच्या पाणलोटापेक्षा जवळजवळ दुप्पट भरतो.

उताराचंही तसंच. दगडमातीचे घट्ट लोंढे येत असतील तर पंखा सहज पाच-सहा अंशांच्या वर जातो, वाहत्या पाण्यानं रचलेला दोन-तीन अंशांत राहतो. आधी गाळ बघा, मग उतारावर बोला.

रंकाळा_चौपाटी
पोस्ट माझीच. सर, पहिल्या पायरीची गोष्ट होती हो ती. शंभर किलोमीटरची डोंगरकड समोर असताना प्रस्तरभंग तपासायचा खड्डा कुठं घ्यायचा, हे ठरवायला चाळणी लागते का नाही? डोंगरकडेचा नागमोडीपणा काढायचा: पायथ्याच्या वळणावळणाच्या रेषेची लांबी भागिले सरळ रेषेची लांबी. १ ते १.६ आलं, म्हणजे पायथा जवळजवळ सरळ, तर सक्रिय; ३ च्या वर गेलं, म्हणजे झिजून वळणावळणाचा, तर शांत. बुल-मॅकफॅडननी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गारलॉक प्रस्तरभंगाच्या दोन्ही अंगांना हेच केलं. त्यांना पण परीक्षेची गाईडं लिहिणारे म्हणणार का?

आडवी_समोच्चरेषा
त्यांनी केलं ते वेगळं आणि आपल्याकडं चालतं ते वेगळं. पायथ्याची रेषा कुणी ओढली, यावर आकडा ठरतो. पंखा दरीत आत घुसलेला असेल तर रेषा दरीत वळवायची की तोंडाशी कापायची? एकाच कडेला १.३ पण काढता येतो आणि २.१ पण. १:५०,००० आणि १:२,५०,००० च्या नकाशांवर तर उत्तर वेगळं येणारच, लहान वळणं गायब होतात. कडेचे तुकडे पाडताना खडक बदलला, दिशा बदलली किंवा मोठी नदी आडवी गेली की नवा तुकडा धरायचा. हे आपल्याकडच्या पीएचडीच्या प्रबंधात लिहिलेलं कुठं दिसत नाही. आणि मधला वर्ग १.४ ते ३ आहे, म्हणजे वर्ग एकमेकांवर चढलेले. १.५ आला तर काय, टॉस?

तांबडा_पांढरा
मग आपल्या सह्याद्रीला लावा की ही चाळणी. वाळवंटात कशाला जायचं?

पन्हाळा_टोपोशीट
लावू नका, एवढंच सांगतो. सह्याद्रीची कड मागं सरकत आलीय, खोल खाचा पडल्यात, नागमोडीपणा भरपूर. आकडा म्हणेल शांत. आणि ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरलं, ६.३ तीव्रतेचं. ती हालचाल मुख्यतः आडवी होती, वर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याचा भार. डोंगरकडेच्या रेषेला यातलं काही कळत नाही. उलट पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराची कड सरळ दिसते म्हणून तिथं प्रस्तरभंग शोधणारेही आहेत. ती जांभ्याची टोपी आहे बाबांनो! वरचा थर कठीण, खालचा झिजतो, कडा उभा राहतो.

तांबडा_पांढरा
पण पंचगंगा खोऱ्यावर असल्या निर्देशांकांचे प्रबंध झालेत, पदव्या मिळाल्यात. ते सगळे खोटे?

आडवी_समोच्चरेषा
खोटे नव्हेत, निरुपयोगी. तीस मीटरच्या चौकोनांचा एसआरटीएम (अवकाशातून रडारनं मोजलेल्या उंचीची माहिती) उतरवायचा, सॉफ्टवेअरच्या टूलबॉक्समध्ये घालायचा, रंगीत नकाशा छापायचा. बेसाल्टचे आडवे थर पायऱ्यापायऱ्यांनी झिजतात, त्या प्रत्येक पायरीला "नदीच्या उताराची विसंगती" म्हणायचं आणि विसंगती आली की "नवविवर्तन", म्हणजे भूकवचाची अलीकडची हालचाल. पंख्यावर ताज्या प्रस्तरभंगाची पायरी असते दोन-तीन मीटरची. तीस मीटरच्या चौकोनात आणि त्या उंचीतल्या चुकीत ती दिसेल कशी? कार्टोसॅट उपग्रहाच्या जोडचित्रांवरनं उंची काढा, नाहीतर ड्रोन उडवा.




रंकाळा_चौपाटी
 

मूळ मुद्द्यावर येतो. पंख्याच्या डोक्याशी खोल घळ पडली असेल आणि नवा गाळ खाली टोकाकडं पडत असेल, तर डोंगराची उचल मंदावलीय. उचल जोरात असेल तर गाळ डोक्याशीच साचतो. हे तरी मान्य कराल?

पन्हाळा_टोपोशीट
अर्धवट. घळ तीन कारणांनी पडते. उचल थांबली म्हणून, हवामान बदलून गाळ कमी किंवा पाणी जास्त झालं म्हणून, नाहीतर खालच्या नदीनं पंख्याचं टोक कापलं म्हणून. लेहजवळ सिंधूकाठी बघा. दक्षिणेकडनं, स्टोकच्या बाजूनं आलेले मोठे पंखे नदीला उत्तरेला रेटतात, आणि नदी त्यांची टोकं कापत जाते. त्या कापण्याचा परिणाम घळीतून वर चढतो. त्याला "विवर्तनी शांतता" म्हणायचं?

ओळखायचं कसं: खोऱ्याच्या दोन्ही अंगांना आणि शेजारच्या रांगांतही एकाच काळात घळी पडल्या असतील तर हवामान. एकाच प्रस्तरभंगाच्या ओळीत पडल्या असतील तर विवर्तन. आणि "एकाच काळात" म्हणायला वय लागतं, म्हणजे ओएसएल (गाळावर शेवटचा उजेड कधी पडला ते सांगणारी चाचणी) किंवा बेरिलियम-१० (दगड किती काळ उघडा आहे ते सांगणारी). दगडांवरच्या काळ्या लेपाच्या गडदपणावरनं जुना-नवा क्रम लागतो, वर्षं निघत नाहीत.

रंकाळा_चौपाटी
वय काढायचे पैसे कोण देणार, तुम्ही? आकारावरनंच कल काढायची पद्धत आहे की. पंखा शंकूसारखा असतो; न कललेल्या शंकूवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या रेषा) वर्तुळाच्या कमानी असतात, कलला की लंबवर्तुळाच्या. लांब-आखूड अक्षांचं गुणोत्तर आणि पंख्याचा उतार घातला की कलाचा अंश निघतो. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात पिंटर आणि केलर यांनी १९९५ मध्ये केलंय.

आडवी_समोच्चरेषा
हे चांगलं काढलंत, पहिल्यांदाच. पण पंखा सुटा हवा, शेजाऱ्याशी मिसळलेला चालत नाही. पृष्ठभाग घळींनी फाटलेला नको आणि कल होण्याआधी रचलेला हवा. टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या नकाशावर) २० मीटरनं समोच्च रेषा, छोट्या पंख्यावर जेमतेम तीन-चार सापडतात. त्यावर लंबवर्तुळ बसवलं तर कुठलंही बसतं.

पन्हाळा_टोपोशीट
आणि आडवी हालचाल यातही सुटते. कॅलिफोर्नियातल्या सान अँड्रियास प्रस्तरभंगावर कॅरिझो मैदानात वॉलेस क्रीक हा ओढा पंख्याच्या गाळातून गेलाय. ओढा सुमारे १३० मीटर सरकलाय, सुमारे ३७०० वर्षांत, म्हणजे वर्षाला ३४ मिलिमीटरच्या आसपास. हे उत्तर सरकलेलं अंतर आणि वय यातून निघालं. पंखा गोल का चपटा, हे कुणी विचारलं नाही.

तांबडा_पांढरा
म्हणजे आकार कचऱ्यात टाका असंच की.

पन्हाळा_टोपोशीट
तसं कोण म्हणालं? चाळणी म्हणून रंकाळ्याचं बरोबर आहे, घ्या, एवढं देतो. पण चाळणीवर "निकाल" लिहू नका. २००१ चा भूज आठवा. एवढा मोठा भूकंप, आणि मुख्य प्रस्तरभंग जमिनीवर फुटलाच नाही. कुठल्या पंख्यावर पायरी शोधणार होता?

रंकाळा_चौपाटी
पोस्ट दुरुस्त करतो. "अर्ध्या तासात" काढतो, "निकाल" काढतो, पाणलोटाचं गुणोत्तर घालतो. आता तुमच्या पंकाश्म-शेलच्या पंख्यांसाठी वेगळा तक्ता पण घालू, का पोरांनी तो पाठ करायचा?

आडवी_समोच्चरेषा
तक्ता नको. डोंगरकडेची केएमएल (गूगल अर्थची फाइल) टाका इथं, रेषा आम्ही तिघं वेगवेगळी ओढतो. आकडे किती जुळतात ते पोरांना बघू द्या.