टेरिबल ट्रायडच्या ऑपरेशननंतर कोपर कधी आणि कितपत सरळ करावं?

प्रश्न:
रुग्ण ४२ वर्षांचे, टेरिबल ट्रायड म्हणजे तिन्ही दुखापती एकत्र: उजवं कोपर मागे निखळलेलं, रेडियल हेडचे (अंगठ्याकडच्या हाडाच्या कोपरातल्या डोक्याचे) चार तुकडे, कोरोनॉइडचं (करंगळीकडच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्याचं) टोक तुटलेलं. ऑपरेशनमध्ये रेडियल हेड काढून कृत्रिम बसवलं, कोरोनॉइड टाक्यांनी ओढून बसवलं, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) अँकरने, म्हणजे हाडात रुतवलेल्या खिळीने, शिवलं. आतलं शिवलेलं नाही. आज दहावा दिवस, हात ९० अंशांत स्लॅबमध्ये (अर्ध्या प्लास्टरमध्ये). व्यायाम आता सुरू करायचे की टाके पूर्ण भरेपर्यंत थांबायचं? तीन आठवडे थांबलं तर कोपर आखडेल, घाई केली तर पुन्हा निखळेल.

उत्तर १ (अस्थिशल्यचिकित्सा):
थांबू नका. मात्र आधी ऑपरेशन नोट मागवा. टेबलावर सगळं बसवून झाल्यावर सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या चालत्या एक्स-रे यंत्राखाली) कोपर सरळ करत नेतात आणि ते कोणत्या अंशाला सरकू लागतं ते बघतात. तो आकडा डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नसतो. ३० अंशांपर्यंत (० म्हणजे पूर्ण सरळ) स्थिर असेल तर पहिले तीन-चार आठवडे त्यापलीकडे जायचं नाही, सहाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू पूर्ण सरळ.
आतलं लिगामेंट शाबूत असेल तर तळवा खाली ठेवून सरळ करा, त्याने बाहेरच्या शिवणीवर ताण येत नाही. तेही फाटलेलं असून शिवलं नसेल, तर अंगठा वर, मधल्या स्थितीत.
चार तुकडे असताना हेड बदललं ते योग्यच. नुसतं काढून टाकलं असतं तर बाहेरचा आधारच गेला असता.

उत्तर २ (फिजिओथेरपी):
व्यायाम उताणं झोपवून घ्या. दंड छताकडे उभा, दुसऱ्या हाताने मनगटाला आधार, आणि रुग्णाने स्वतःच्या ताकदीने कोपर वाकवायचं-उघडायचं. या स्थितीत वजन सांध्याला दाबून धरतं आणि ट्रायसेप्स, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू, त्याला जागेवर राखतो. १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. तळवा वर-खाली फिरवणं वेगळं, कोपर ९० अंशांत आणि अंगाला चिकटवून.
खरा धोका रोजच्या हालचालींत आहे. दंड अंगापासून बाजूला उचलून कपाटातलं काही घेतलं की सगळा भार बाहेरच्या शिवणीवर. हे नातेवाइकांनाही दाखवून ठेवा. उशीवर हात ठेवताना कोपर अंगाजवळच हवं.

प्रश्नकर्ता:
एक्स-रेत सांध्याची फट रुंद दिसतेय. हाड सरकलं का?

उत्तर १:
बाजूच्या एक्स-रेत अल्ना (करंगळीकडचं हाड) आणि ह्यूमरस (दंडाचं हाड) यांमधलं अंतर ४ मिमी किंवा जास्त असेल तर त्याला ड्रॉप साइन म्हणतात. सुरुवातीला स्नायू ढिले पडल्यानेही तसं दिसतं, आणि वर सांगितलेल्या व्यायामांनी पुष्कळदा भरून येतं. हाताला वजन लटकवू नका, स्लिंग सैल सोडू नका. आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढा. फट वाढली किंवा सांधा तिरपा दिसला तर त्याच दिवशी सर्जनकडे.

उत्तर ३ (हँड थेरपी):
घरचे तेल लावून जोरात चोळायला किंवा हाडवैद्याकडून ओढून घ्यायला बघतील. तसं होऊ देऊ नका. जबरदस्तीने ताणलं की स्नायूत रक्त साचतं, सूज वाढते, आणि या दुखापतीत मुळातच सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होण्याचा धोका असतो. रोज करंगळी आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येतात का तेही विचारा, अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस) दबत असेल तर तिथे आधी कळतं.
रोजच्या कामांना ३० ते १३० अंश पुरतात. आठ आठवड्यांनंतरही तिथवर पोचलं नाही तर टर्नबकल स्प्लिंट (स्क्रू फिरवून हळूहळू ताण देणारा पट्टा) लावता येतो, पण आधी एक्स-रेत हेड नीट बसलेलं दिसू दे, कृत्रिम हेड उंच बसलं असेल तर कितीही ताणलं तरी वाकणार नाही.