सप्ताहाच्या माईकवर व्हिंटेज कॉम्प्रेसर: कामाचा की नुसता देखावा?

परभणीचा साउंडवाला:
काल एकानं इथं लिहिलं, "एक्स३२ मिक्सरमधले व्हिंटेज (जुन्या यंत्रांची नक्कल करणारे) इक्यू-कॉम्प्रेसर म्हणजे रंगीत चित्रं, चॅनलवरचं पुरेसं आहे." राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहायलोय. कीर्तनात महाराज दृष्टांत सांगताना अगदी हळू बोलतात आणि लगेच गजराला टिपेत जातात. चॅनलचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) कडक केला की गळा आवळल्यागत वाटतं, सैल ठेवला की मागं बसलेल्या बायांना निम्मं कळत नाही. इन्सर्टला, म्हणजे माईकच्या वाटेतच, मिक्सरमधला 'लेझर' (Leisure) कॉम्प्रेसर टाकून बघा. तो एलए-२ए या जुन्या कॉम्प्रेसरच्या चालीवर आहे. मूळ यंत्रात पकड उजेडावर चालते, म्हणून सावकाश सुटते: निम्मी ६० मिलिसेकंदांत, बाकीची काही सेकंदांत. किती दाबलं ते दाखवणारी सुई ३-४ डीबीच्या (डेसिबलच्या) पुढं जाऊ देऊ नका. शब्द न् शब्द पोचतो.

जालना लाईव्ह:
स्टुडिओत चालेल. मंडपात महाराजांच्या पाठीशी टाळकरी उभे असतात, त्याचं काय? वरचा आवाज दाबून गेन (एकूण आवाज) ६ डीबी भरला, तर महाराज थांबले की माईक ६ डीबी जास्त उघडा. टाळ घुसणार, स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) तेवढी जवळ येणार. शिवाय इफेक्टचे स्लॉट एकूण ८, त्यातले निम्मे मॉनिटरच्या (महाराजांकडं तोंड केलेल्या स्पीकरच्या) ग्राफिक इक्यूला जातात. शिट्टी वाजली की शिव्या आम्ही खायच्या.

मृदंगाचार्य (बीड):
आवाजाचं तुमचं तुम्ही बघा, पण मृदंगाच्या धुम्याला (खर्जाच्या तोंडाला) 'एक्सटेक' इक्यू लावायचं खूळ कुणी काढलं? ६० हर्ट्झवर बूस्ट न् कट दोन्ही फिरवत बसतात. धुम्याला लावलेली कणीक वाळली की धुम्याचा सूर चढतो. चैत्रातल्या मंडपात ती किती लवकर वाळते माहीत आहे का? आधी आम्हाला विचारा, पाण्याचा हात लावू द्या.

परभणीचा साउंडवाला:
माउली, ते दोन्ही सोबतच फिरवायचं असतं. एक्सटेक ज्यावर बेतलाय त्या जुन्या पल्टेक इक्यूमध्ये बूस्ट आणि कटचे उतार जुळत नाहीत, म्हणून खाली घुमारा वाढतो आणि त्याच्या वरचा गढूळपणा कमी होतो. तुमचा 'धा' त्यानंच मोकळा होतो.

मृदंगाचार्य (बीड):
वाळलेल्या कणकेचा 'धा' कोणतं यंत्र मोकळा करणार? आमच्याकडं एका सप्ताहात साउंडवाल्यानं माईक पुडीला चिकटवला आणि जेवायला गेला. काल्यापर्यंत नुसतं ढब-ढब.

जालना लाईव्ह:
आणि तुम्ही लोक साउंडचेकला येता कधी? हरिपाठ सुरू व्हायच्या वेळी गाडीतून उतरता, मग कणकेचं आम्हाला सांगता!

मृदंगाचार्य (बीड):
तीन गावं करून येतो आम्ही. बिदागी काय मिळते ते विचारा एकदा.

लातूरचा पोऱ्या:
मूळ प्रश्न राहिला की. मी टाळाला 'अल्टिमो' कॉम्प्रेसर लावलाय, पण अटॅक (दाब किती लवकर बसतो ते) ७ ला नेला तर टाळाची धारच गेली.

परभणीचा साउंडवाला:
अल्टिमो ज्यावर बेतलाय त्या मूळ ११७६ कॉम्प्रेसरवर ७ म्हणजे सगळ्यात जलद, २० मायक्रोसेकंद. १ म्हणजे ८००. खाली आण, धार परत येईल.

जालना लाईव्ह:
एवढं मानतो: फक्त महाराजांच्या माईकला, गेन न भरता, ३ डीबीपर्यंत असेल तर चालेल. टाळ-मृदंगाला मात्र मी लावणार नाही. आणि त्या स्लॉटसाठी मॉनिटरचा ग्राफिक काढायला सांगू नका.

मृदंगाचार्य (बीड):
बिदागीचं कुणीच बोललं नाही.