मदत हवी आहे: कॉर्निश भाषेतले तब्येतीचे आणि फिरायला जातानाचे शब्द

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये फाल्मथजवळ राहते. दर आठवड्याला समुद्रकड्यावरच्या पायवाटेने फिरणाऱ्या गटात जाते. त्यातल्या दोन आजी आपसात कॉर्निश, म्हणजे इथली जुनी भाषा, बोलतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ लोपलेली ही भाषा 1904 मध्ये हेन्री जेनर यांच्या पुस्तकापासून पुन्हा उभी राहिली, म्हणून मलाही हुरूप आला.

'फात्ला गेनेस?' म्हणजे कशी आहेस, त्यावर 'इन पॉइंट दा', म्हणजे ठणठणीत. ग्लाव म्हणजे पाऊस (इथे सर्वात उपयोगी शब्द हाच!), हाउल म्हणजे सूर्य, मोर म्हणजे समुद्र. इथवर जमलं.

अडलंय ते दुखण्याखुपण्याशी. डोकं म्हणजे 'पेन', पण माझं डोकं 'ओ फेन' आणि तुझं डोकं 'धा बेन'! आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, डोकं-डोक्याला. इथे तोंडच बदलतं. 'फेन' ऐकून शब्दकोशात फ खाली शोधत बसले, सापडणार कसा?

कुणी कॉर्निश शिकलंय का? किंवा वेल्श, म्हणजे वेल्सची भाषा? त्यातही असंच होतं म्हणे. हे बदल नियम पाठ करून बसतात, की 'माझं डोकं', 'माझा पाय' अशी आख्खी जोडीच घोकावी? पाठ, गुडघा, खोकला, दमले, जरा बसूया, एवढं बोलता आलं तरी पुरे. उच्चार देवनागरीत लिहून दिलेत तर फारच बरं. माझे वरचे चुकले असतील तर बिनधास्त सुधारा.