काच पुसली की रेघा का उरतात? तुमचे अनुभव लिहा

सकाळभर राबून खिडक्या लख्ख केल्या. संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि सगळं पितळ उघडं पडलं: अर्धवर्तुळं, रेघा, मधूनच सुकलेला एखादा ओघळ. दर वेळी हेच होतं. तुमचं कुठे चुकलं आणि कशाने जमलं ते सांगा. फजितीसकट!

*

माझा गुन्हेगार साबण. फेस भरपूर म्हणजे काच स्वच्छ, असा समज होता. एकदा नुसत्या पाण्याने पुसायला घेतली तरी फेस आला! आधीच्या खेपांचा साबण काचेवर तसाच होता. तो उतरवायला तीनदा साधं पाणी मारावं लागलं. आता अर्ध्या बादलीला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, बस.

*

भर उन्हात पुसू नका, एवढंच सांगेन. 'लवकर वाळेल' म्हणून मी मुद्दाम दुपार गाठायचो. फडकं पोचायच्या आत पाणी उडून जायचं आणि त्यातला साबण जागच्या जागी बसायचा.

*

वर्तमानपत्राचा बोळा! आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तोच. काच चकचकीत होते, पण पांढऱ्या चौकटीवर शाईची बोटं उमटतात, ती पुसायला वेगळा अर्धा तास.

*

मी कागद सोडून मायक्रोफायबरवर आले आणि सुरुवातीला पस्तावले. फडकं नवं, तरी काचेवर धूसर थर. कारण उशिरा कळलं: ते इतर कपड्यांबरोबर धुताना मी फॅब्रिक सॉफ्टनर घालत होते. सॉफ्टनरचा लेप धाग्यांवर बसतो, मग फडकं पाणी टिपत नाही, नुसतं फिरवत राहतं. आता दोन फडकी वेगळी धुते: एक ओलं पुसायला, एक कोरडं करायला.

*

काही महिने मी काचा पुसण्याचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर. आधी कोरड्या ब्रशने चौकट, जाळी आणि खालची खाच झाडून घ्या. नाहीतर पाणी पडताच धुळीचा चिखल होतो आणि तोच तुम्ही काचेवर फासता. मग काच भरपूर ओली करून घासा. त्यानंतर वायपर. (भारी वायपरची गरज नाही. पितळी दांडीत एकच रबर बसवलेला आजचा हलका वायपर एत्तोरे स्टेकोन यांनी 1936 मध्ये अमेरिकेत आणला. त्याआधीचे बोजड असत.)

आमच्या मुकादमाने पहिल्या दिवशी माझ्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली: काचेची वरची कड बोटभर रुंद कोरडी करायची आणि वायपर तिथून लावायचा. रबर कोरड्या जागी टेकला की वरून पाणी ओघळत नाही. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचा, पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर थोडी चढवायची. मी पुसायचा आळस केला की तो काही न बोलता त्या रेघेवर बोट ठेवायचा. शेवटी कडा कोरड्या फडक्याने टिपायच्या, मधल्या भागाला हात लावायचा नाही. तो मोह आवरणं सगळ्यात अवघड!

*

आमच्याकडे पाणीच जड. वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके, साबण असो वा नसो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावलं, पाच मिनिटं थांबले, तेव्हा निघाले. मात्र खाली संगमरवरी पट्टी आहे आणि तिच्यावरही ओघळ गेले. चकाकी गेली ती गेलीच. दगड असेल तर आधी झाकून घ्या.

*

ठिपके वर्षानुवर्षं राहिले असतील तर व्हिनेगरही हरतं. काच खरबरीत झालेली असते. आणि दुहेरी काचेच्या मध्ये धुकं दिसत असेल तर पुसत बसू नका, सील गेलंय. मी दोन रविवार घालवले त्यात.

*

धागा काढणारी मीच. काल वरचं सगळं करून पाहिलं, शिवाय एका मैत्रिणीची युक्ती: आतून आडवे हात, बाहेरून उभे. संध्याकाळी एकच रेघ दिसली, आडवी. म्हणजे आतली. पुन्हा पुसली, पुन्हा तिथेच. शेवटी वायपरच्या रबरावरून नख फिरवलं, तर टोकाशी बारीकशी चीर. रबर काढून उलटा बसवला.