परीक्षणातल्या रेटिंगचा आकडा शोधयंत्रांसाठी पानावरच्या मजकुरात खुणावावा की वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवावा?

उघडा_कंस
काल इथे एका सदस्याने सल्ला दिला की परीक्षणाचे रेटिंग जेसन-एलडीच्या, म्हणजे फक्त यंत्रांसाठी असलेल्या आणि वाचकाला न दिसणाऱ्या, स्क्रिप्टमध्ये टाकावे आणि एचटीएमएलमधल्या मजकुराला हातही लावू नये. हा सल्ला मला मुळातच घातक वाटतो. मी सांभाळत असलेल्या एका संकेतस्थळावर संपादकाने फेरपरीक्षणानंतर ४.५ चे ३.५ केले, पण स्क्रिप्टमधला आकडा तसाच राहिला. पान एक सांगत होते आणि शोधनिकालातले तारे दुसरेच, आणि ही तफावत आम्हाला एका वाचकाच्या संतप्त पत्रावरून समजली. मायक्रोडेटात, म्हणजे मजकुराच्या टॅगमध्येच खुणा करण्याच्या पद्धतीत, ‘आयटमप्रॉप’ ही खूण दिसणाऱ्या आकड्यालाच जोडलेले असते, त्यामुळे अशी फारकत होऊच शकत नाही.

साचेकार
तो सल्ला माझा होता आणि तो मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही. आपली चूक दोन ठिकाणी हाताने आकडे भरण्याची आहे. तिचे खापर जेसन-एलडीवर फोडू नये. आमच्याकडे मायक्रोडेटाच होता. मांडणी बदलताना एका सहकाऱ्याने अनावश्यक वाटलेला ‘डिव्ह’ टॅग काढला, ‘आयटमस्कोप’ (आतल्या खुणा एकाच गोष्टीच्या आहेत हे सांगणारी खूण) नेमका त्याच्यावर होता, आणि सगळी परीक्षणे यंत्राच्या लेखी बेवारस झाली. पान पूर्वीसारखेच दिसत असल्याने कित्येक आठवडे कोणाला पत्ता लागला नाही. गूगलही जेसन-एलडीचीच शिफारस करते.

उघडा_कंस
तेच गूगल हेही बजावते की वाचकाला न दिसणारा मजकूर खुणावू नये. सोयीचे तेवढेच वाक्य उचलणे हा प्रामाणिक युक्तिवाद नव्हे.

जुनी_वाचक
आपण दोघेही अंकांची लिपी विसरत आहात. पानावर देवनागरीत ‘४.५’ छापले असेल, तर या खुणांची सामायिक शब्दावली ठरवणाऱ्या स्कीमा.ऑर्गच्या सूचनेनुसार यंत्रासाठी तोच आकडा इंग्रजी अंकांत द्यावा लागतो, म्हणजे ‘डेटा’ टॅगच्या ‘व्हॅल्यू’मध्ये दुसरी प्रत आलीच. एचरिव्ह्यू या परीक्षणे खुणावण्याच्या जुन्या पद्धतीच्या काळात अशी प्रत ‘ॲबर’ टॅगच्या ‘टायटल’मध्ये ठेवत. तारखांसाठीही हीच युक्ती होती. स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ती यंत्रासाठीची तारीख ऐकणाऱ्याला वाचून दाखवू शकत असे, आणि याच अडचणीमुळे बीबीसीने २००८ मध्ये आपल्या कार्यक्रमांच्या पानांवरून एचकॅलेंडर ही कार्यक्रमांच्या तारखांसाठीची तशीच पद्धत काढून टाकली. ऐकून वाचणाऱ्यांचा विचार या वादात अजून कोणीच केलेला नाही, याचा मला राग येतो.

साचेकार
स्क्रिप्टमधला मजकूर स्क्रीन रीडर वाचतच नाही, म्हणजे हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

उघडा_कंस
देवनागरी अंकांपुरते माझे ‘होऊच शकत नाही’ चुकले, हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र ‘व्हॅल्यू’ त्याच ओळीत असते, दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेसमोर असते. स्क्रिप्ट पानाच्या दुसऱ्या टोकाला पडलेली असते.

साचेकार
दोन्ही आकडे डेटाबेसमधल्या एकाच रकान्यातून साच्यात येऊ द्या, मग अंतराचा प्रश्न उरत नाही. आणि रेटिंग दहापैकी असेल तर ‘बेस्टरेटिंग’ (कमाल रेटिंग) लिहायला विसरू नका. ते नसेल तर गूगल पाच हीच कमाल धरते.